कानसाहेबांनी पास केलेला लॅपटॉप

हिचा आवाज आपल्याकडे नाही, हे मला एका गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता कळलं. हिला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

मधले आठ महिने मी त्या बाबतीत निर्धास्त होतो. कपाटाच्या खालच्या खणात एक कॅसेट आहे आणि तिच्यावर हिच्याच अक्षरात 'माझी गाणी, १ ते १०' असं लिहिलेलं आहे, हे मला ठाऊक होतं. ज्या वस्तूवर नाव आणि नंबर असतो ती हरवत नाही, असा माझा नोकरीतला अनुभव. गाणी हिनेच केलेली. शब्द तिचे, चाली तिच्या. वहीत शब्द होते, चाली फक्त तिच्या गळ्यात. मोबाइल आल्यावर लेक दहा वेळा म्हणाली, "आई, एकदा रेकॉर्ड करून ठेवू या." तर आम्ही दोघं एका सुरात म्हणायचो, "कॅसेट आहे ना!" आमचं दोघांचं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्याही बाबतीत झालं नाही.

त्या गुरुवारी धाकटी मेहुणी आली होती. तिच्या घशात गाठ निघाली होती आणि ऑपरेशन पुढच्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी ठरलं होतं. नंतर आवाज राहील की बसेल, यावर सर्जनने नुसते खांदे उडवले होते. "दवाखान्यात पडल्या पडल्या ताईची गाणी ऐकीन म्हणते, भावोजी," ती म्हणाली. म्हणून मी शेजारच्या डेंटिस्टांचा जुना टेपरेकॉर्डर मागून आणला, कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

घर्रर्र.

पहिलं गाणं संपायला हवं होतं तिथपर्यंत घर्रर्र. पुढेही घर्रर्र. त्याच्या मागे खूप लांब, बंद दाराआड कोणी बोलत असावं, तशी ही. शब्द कळत नव्हते, सूर कळत नव्हता. कोणीतरी बाई आहे, एवढंच कळत होतं.

"कॅसेट खराब झाली वाटतं," मेहुणी म्हणाली.

कॅसेट ठणठणीत होती. आवाज मी पहिल्या सेकंदाला ओळखला होता. बारा इंची टेबल फॅन, तीन नंबरवर, मागचं बेअरिंग किंचित सैल. उकाड्याचे दिवस होते. गाताना हिला घाम येऊ नये म्हणून तो मीच टेपरेकॉर्डरला खेटून ठेवला होता. नंतर ती कॅसेट आम्ही कधी लावून पाहिली नाही, गाणारी घरातच होती. फॅन आमच्याच कारखान्यातला. म्हणजे पासही मीच केलेला.

इथे माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. नाहीतर पुढे मी जे केलं त्यावरून लोकांचा गैरसमज होतो. चार जणांचा झालेला आहेच. मी चौतीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात होतो, आवाज तपासणी विभागात. जाड भिंतींची एक लहान खोली, मध्ये चालू पंखा आणि समोर मी. यंत्रंही होती, पण यंत्र आकडा सांगतं, दोष सांगत नाही. दोष मी सांगायचो. बेअरिंग कोरडं, वाइंडिंग सैल, पातं अर्ध्या केसाने वाकडं. पास झाला तर निळ्या खडूने बरोबरची खूण, नापास झाला तर फुली. कारखान्यात मला कोणी नावाने हाक मारली नाही. सगळे 'कानसाहेब' म्हणायचे. निरोप समारंभात जनरल मॅनेजरने चौतीस वर्षांत एकही खुणेचा पंखा परत आला नसल्याचं सांगितलं. ते खोटं होतं. एक आला होता. पण बाकीचं खरं आहे.

तर अशा माणसाच्या घरी, अशा माणसाच्या हातून, बायकोच्या दहा गाण्यांवर पंखा बसला होता. मी टेपरेकॉर्डर बंद केला. मेहुणीने कॅसेट बाहेर काढून ताईचं अक्षर पाहिलं. मग म्हणाली, "मला येतात."

"काय?"

"गाणी. सगळी येतात. ताईने नवी चाल केली की पहिली मलाच म्हणून दाखवायची. मी म्हणते, तुम्ही रेकॉर्ड करा. पण लवकर हं. माझा घसा तुमच्या सवडीने चालणार नाही."

आधी फोनवर करून पाहिलं. फोनची अडचण अशी की तो स्वतःच्या अकलेने आवाज साफ करतो. मेहुणीने ओळीच्या शेवटी लांबवलेला सूर त्याला कचरा वाटला आणि त्याने तो कापून टाकला. लेकीला फोन केला. ती दूरच्या शहरात असते आणि तिला यातलं कळतं. ती म्हणाली, "बाबा, मी एक चांगला माइक पाठवते. तुम्ही फक्त लॅपटॉप घ्या. काय काय बघायचं त्याची यादी पाठवते."

यादी दोन पानी आली. प्रोसेसर किती ताकदीचा हवा, मेमरी किती, साठवणीची जागा किती, कुठलं छिद्र कुठे असावं. सगळं नीट वाचलं. पंख्याबद्दल एक शब्द नव्हता.

"लॅपटॉपला पंखा असतो ना?" मी विचारलं.

"असतो, आत. पण बाबा, तो कोणी बघत नाही."

"बघत नसतील. मी ऐकणार आहे."

माइक यायला चार दिवस लागणार होते, पण त्याचा फोटो आला. त्याची वायर दीड हात लांब. म्हणजे लॅपटॉप गाणाऱ्या माणसाच्या कुशीतच बसणार. त्याचा पंखा घरघरला तर पुन्हा तेच. एकाच बाईच्या गाण्यांवर मी दोनदा पंखा बसवणार नव्हतो.

जिन्यात डेंटिस्ट भेटले. ते आमच्या शेजारी राहतात आणि इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा दवाखाना आहे. लॅपटॉप घ्यायचाय म्हटल्यावर त्यांनी मला पाऊण तास जिन्यात उभं केलं. मोठ्या पडद्याचा घ्या, दात मोठे दिसतात. म्हटलं, मला दात बघायचे नाहीत. तरी मोठाच घ्या, ते म्हणाले, आणि दणकट ताकदीचा घ्या, मुलं खेळ खेळायला घेतात तसला. तसला लॅपटॉप त्यांच्या भाच्याकडे मी पाहिला आहे. तो चालू केला की शेजारच्या टेबलावरचे कागद उडतात.

शुक्रवारी सकाळी दुकानात गेलो. बरोबर लेकीची यादी, हिची वही आणि एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्रावर आणि लाकडी मूठ कानाला लावली की आतलं बेअरिंग स्वतःच्या तोंडाने बोलतं. कुठल्याही जुन्या मेकॅनिकला विचारा. दारावरच्या पहारेकऱ्याला मात्र विचारू नका.

"हे आत नेता येणार नाही."

"हे ऐकायचं आहे."

"काय?"

"यातून ऐकतात."

त्याने माझ्याकडे, मग स्क्रू ड्रायव्हरकडे, मग आतल्या बाईंकडे पाहिलं. बाई साधारण पन्नाशीच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, दुकानात एकवीस वर्षं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येऊ दे. पण आजोबा, टोचायचं नाही."

आजोबा! असो.

टेबलावर ओळीने आठ लॅपटॉप मांडलेले होते. लॅपटॉपचा पंखा असा आगाऊपणे चालू होत नाही, तो तापल्यावर बोलतो. म्हणून मी बाईंना प्रत्येकावर एका वेळी दहा दहा चित्रफिती लावायला सांगितल्या, आवाज बंद करून. आठ पडद्यांवर ऐंशी माणसं मुकाट्याने नाचत, भांडत, स्वयंपाक करत होती आणि मी मूठ कानाला लावून एकेकावर वाकलो होतो. दुकानातल्या गोंगाटाचा त्रास होत होता, म्हणून अंगातला कोट काढून डोक्यावरून घेतला. लोक थांबून बघत होते. एका बाईने विचारलं, "त्यांना बरं वाटत नाहीये का?"

पहिला, कोरडं बेअरिंग. दुसऱ्याचा पंखा दर चार सेकंदांनी मन बदलत होता. तिसरा, डेंटिस्टांच्या भाच्यासारखा, त्याबद्दल बोलायलाच नको. चौथ्यात बारीक शिट्टी होती, ती दोन जणांपैकी एकालाच ऐकू येते, पण माइकला नक्की येते. पाचवा बरा होता. मग सहावा.

सहाव्याला मूठ लावली आणि मला वाटलं तो बंदच आहे. हात लावून पाहिला, गरम होता. पुन्हा ऐकलं. एकसारखा, भरलेला, कुठेही न अडकणारा वारा. पाणी हळू ओतल्यासारखा. असा पंखा चौतीस वर्षांत मी शंभरेक वेळा ऐकला असेन, आणि तेव्हा तेव्हा दिवसभर माझं कोणाशी वाकडं झालं नाही. शिवाय लेकीच्या यादीतलंही सगळं त्यात होतं. सातवा-आठवा नियमाप्रमाणे ऐकले आणि सोडून दिले.

मी कोट अंगात घातला आणि मागे वळलो, तर बाई आ वासून झाकणांकडे पाहत होत्या.

"अहो, हे काय केलंत?"

सात झाकणांवर फुल्या होत्या, एकावर बरोबरची खूण. निळ्या खडूत. कोटाच्या खिशात खडू असतो आणि हात आपला आपण जातो, त्याला मी काय करणार?

"नापास आहेत," मी म्हणालो.

"हे दुकानाचे आहेत!"

"म्हणून तर खडूने केलं. कारखान्यात आम्ही नापास मालाचं पातं वाकवत असू."

बाईंनी डोळे मिटले, उघडले. "बरं, मग सहावा देऊ बांधून?"

आणि इथे मी ती गोष्ट केली जी कुठलाही शहाणा माणूस करणार नाही आणि आमच्या विभागातला कुठलाही माणूस केल्याशिवाय राहणार नाही. मी म्हणालो, "उद्या." कारण पास झालेला पंखा दुसऱ्या दिवशी, रात्रभर थंड झाल्यावर पुन्हा ऐकायचा, हा आमचा नियम होता. आमचा म्हणजे मीच घालून दिलेला. पहिल्या दिवशी गोड वाटणारे पुष्कळ पंखे दुसऱ्या दिवशी खरं बोलतात. नियम स्वतःसाठी मोडायचा नसतो, असं मी माझ्या हाताखालच्या लोकांना सांगत आलो.

घरी येताना डेंटिस्ट दवाखान्याच्या दारात उभे होते. मी अभिमानाने सगळं सांगितलं. सहावा कुठे ठेवलाय, कसा बोलतो, खूण कुठे केली, सगळं. ते "वा, वा" म्हणत होते.

शनिवारी दुकान उघडून अर्धा तास झाल्यावर पोहोचलो. सहाव्याची जागा रिकामी.

"सकाळी एक गृहस्थ आले," बाई म्हणाल्या. "काही विचारलं नाही, काही पाहिलं नाही, नुसती झाकणं बघत फिरले. तुमची खूण दिसली आणि म्हणाले, हाच. दोन मिनिटांत घेऊन गेले. इतकं झटपट गिऱ्हाईक मी एकवीस वर्षांत पाहिलं नाही."

"असाच दुसरा?"

"आहेत ना. तीन आहेत. सेम टू सेम."

मी त्यांना समजावलं की सेम टू सेम अशी गोष्ट जगात नसते. एकाच साच्यातले दोन पंखे सख्ख्या बहिणींसारखे असतात, एक गाणारी तर दुसरी नुसती बोलणारी. त्यांना पटलं. पण तिन्ही खोकी सीलबंद होती, आणि बिल केल्याशिवाय सील फोडता येत नाही, असा दुकानाचा नियम होता. नियमापुढे मी कोण बोलणार? फोडून, ऐकून, नापास झाला तर परत करायचा म्हटलं तर एक अर्ज होता. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात चार चौकोन होते: पडदा, कळफलक, बॅटरी, इतर. पंखा 'इतर'मध्ये जात होता. 'इतर'वर मॅनेजरची सही लागत होती. मॅनेजर रजेवर होते आणि येणार होते ते मंगळवारनंतरच्या मंगळवारी. म्हणजे ज्या सकाळी मेहुणीला आत नेणार होते, त्या सकाळी.

पुढचे पाच दिवस मी शहरातली उरलेली दुकानं ऐकली. त्याचं वर्णन करत नाही. एका ठिकाणी मला खुर्ची आणि पाणी दिलं आणि घरचा फोन नंबर विचारला. मेहुणी रोज सकाळी फोन करायची. "भावोजी, आज आवाज जरा जाड लागतोय हं. सांगून ठेवते." गुरुवारी ती म्हणाली, "तुम्ही बायको बघायला इतका वेळ लावला नव्हता." ते खरं होतं. तिथे एका भेटीत झालं होतं. ही आत गुणगुणत होती, ते मी बाहेर बसून ऐकलं आणि आईला म्हटलं, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला काही गेलो नाही.

शुक्रवारी दुपारी, काही सुचेना म्हणून, डेंटिस्टांचा टेपरेकॉर्डर परत द्यायला खाली त्यांच्या दवाखान्यात गेलो. बाहेरच्या खोलीत तिघं पेशंट गाल धरून बसले होते. आत ड्रिल चालू होतं. माशांच्या टाकीचा पंप बुडबुडत होता. आणि या सगळ्याच्या खाली, टेबलाच्या पलीकडून, एकसारखा, भरलेला, कुठेही न अडकणारा वारा.

"सहावा!" मी ओरडलो.

"नाही काका, तुमचा चौथा," एक पेशंट म्हणाला.

डेंटिस्ट बाहेर आले. टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि झाकणाच्या कोपऱ्यात निळी खूण अजून पुसलेली नव्हती. त्यांचा चेहरा तेवढा पडला. "अहो, तुम्ही पास म्हणालात आणि घेतला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला नकोय. मी दिवसभर ड्रिल ऐकतो हो. म्हटलं, निदान टेबलावरची वस्तू तरी गप्प असू दे. आणि कानसाहेबांनी पास केलेली म्हटल्यावर..."

राग यायला हवा होता. आला नाही. निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली आणि माझ्या खुणेवर अजून कोणी डोळे मिटून माल उचलतो, हे मनाला लागायच्या ऐवजी सुखावून गेलं. ही असती तर म्हणाली असती, भोळे आहात.

लॅपटॉप द्यायला ते तयार होते. पण त्यांनी त्याचा विमा उतरवला होता आणि विम्याच्या कागदावर पत्ता दवाखान्याचा होता. दाराबाहेर नेला की विमा रद्द. डेंटिस्ट कागदाच्या बाबतीत अतिशय कडक माणूस आहे. "लॅपटॉप बाहेर जाणार नाही," ते म्हणाले. "गाणं आत येऊ दे. एक ते चार दवाखाना बंद असतो. शनिवार, रविवार, सोमवार घ्या."

शनिवारी एक वाजता मेहुणी मफलर गुंडाळून आली. मी तोपर्यंत आवाज शोधत खोलीभर फिरलो होतो. औषधांचा फ्रिज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ उतरवून टॉवेलमध्ये गुंडाळून मोरीत ठेवलं. सगळ्या खुर्च्यांवर बसून पाहिलं, सगळ्या करकरत होत्या. एकच गप्प होती, पेशंटची. तेव्हा मेहुणी तिच्यावर बसली, पाय लांब करून, डोक्यावर तो मोठा दिवा.

"भावोजी, यात बसलं की माझं तोंड आपोआप उघडतं."

"तेच हवंय."

राहिला माशांच्या टाकीचा पंप. डेंटिस्ट म्हणाले, "वीस मिनिटं. मासे त्यावर एक मिनिट थांबणार नाहीत." आणि ते मनगटावरचं घड्याळ धरून टाकीसमोर स्टुलावर बसले. सहा मासे होते. तीन दिवस आमचं सगळं रेकॉर्डिंग त्या सहांच्या श्वासावर चाललं. वीस मिनिटं गाणं, मग वीस मिनिटं माशांना हवा.

पहिलं गाणं अप्रतिम झालं. लेक फोनवरून म्हणाली, "बाबा, लाल गोल दाबलात ना?"

दाबला नव्हता.

दुसऱ्यांदा म्हटलेलं पहिलं गाणंही चांगलं झालं. दुसरं झालं. तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या ओळीला मेहुणीने सूर वर नेला आणि मी हात वर केला.

"थांब. तिथे ती वर जात नसे. थांबायची, श्वास घ्यायची आणि खाली यायची."

मेहुणी खुर्चीत उठून बसली. "तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही तर कोपऱ्यात पेपर वाचत बसायचात. ताई म्हणायची, यांना पंख्याशिवाय काही ऐकू येत नाही."

"पेपर वाचायला डोळे लागतात," मी म्हणालो.

तिने तसं म्हणून पाहिलं. थांबली, श्वास घेतला, खाली आली. मग माझ्याकडे न बघता मफलर सारखा केला आणि म्हणाली, "हो. असंच होतं." टाकीसमोरून डेंटिस्टांचा आवाज आला, "चार मिनिटं राहिली." त्यांचा आवाज जरा बसला होता. दुसऱ्याच्या घशाची साथ लागते म्हणतात, तसंच काहीसं असावं.

त्यानंतर मी आणखी चौदा ठिकाणी थांबवलं. तेरा ठिकाणी माझं बरोबर निघालं. एका ठिकाणी वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

सोमवारी पावणेचारपर्यंत दहा गाणी झाली. लेकीने ऐकली आणि विचारलं, "बाबा, पंखा चालू होता?" म्हटलं, पूर्ण वेळ. ती म्हणाली, "अजिबात ऐकू येत नाही." मला जनरल मॅनेजरच्या भाषणाने जेवढं वाटलं नव्हतं तेवढं वाटलं. मेहुणीने ती परक्या बाईची गाणी म्हणावीत तशी म्हटली नाहीत, बहिणीची म्हणून म्हटली. ती गाणी उत्तम आहेत. माझी बायको होती म्हणून म्हणत नाही. मी आयुष्यभर कुठलीही गोष्ट उगाच पास केलेली नाही.

निघताना डेंटिस्ट सहज म्हणाले, "कानसाहेब, माइकला लांब वायर घेतली असती आणि लॅपटॉप बाहेरच्या खोलीत ठेवला असता तर?"

मी मोरीतून टॉवेलची गुंडाळी आणून त्यांच्या हातात दिली. ते भिंतीवर घड्याळ लावायला निघून गेले.

ऑपरेशन झालं. मेहुणीने दवाखान्यात दहाही गाणी फोनवर ऐकली, नर्सना ऐकवली, बोलायची बंदी असताना पाटीवर लिहून प्रत्येकीला सांगितलं की गाणारी मी, करणारी माझी ताई. आता ती बोलते, आवाज बसका आहे. गाणं होत नाही. पुढे होईल की नाही, यावर सर्जनने पुन्हा खांदे उडवले.

अकरावं गाणं कॅसेटनंतरचं, हिने शेवटच्या वर्षी केलं. त्याचं पहिलं कडवं तिने बहिणीला फोनवर म्हणून दाखवलं होतं, ते सोमवारी शेवटच्या दहा मिनिटांत झालं. दुसरं कडवं ही फक्त घरात म्हणायची, सकाळी, कपडे वाळत घालताना. शब्द वहीत आहेत. चाल पहिल्या कडव्यापेक्षा वेगळी, ती मेहुणीला येत नाही. मला येते, आणि मला गाता येत नाही. डेंटिस्ट म्हणतात, एक ते चार केव्हाही या. मी दोनदा जाऊन त्या खुर्चीत बसून आलो. लाल गोलही दाबला होता.

दुसरं कडवं अजून म्हटलेलं नाही.